अंजिराबाईची जीभ

रेवाप्पाशेठच्या काष्ठौषधींच्या वखारीत मंत्री आले, हार झाले, नारळ फुटला आणि नव्या जनुकवाचकानं पहिल्याच मुळीवर निकाल दिला, "मानव. स्त्री."

ताटलीत होतं अतिविष. तान्ह्या पोरांच्या पोटासाठी बाळगुटीत उगाळतात ते.

"नवं यंत्र आहे साहेब, लाजतंय," शेठ घाईनं म्हणाले.

यंत्रावरचा मोघे मात्र तापला. "यंत्र चुकत नाही! प्रत्येक जिवाच्या पेशीत त्याची ओळख लिहिलेली असते, ती हे यंत्र वाचतं. कुणाचं तोंड लागलंय या मुळीला?"

सगळी वखार अंजिराबाईकडे वळली. तीस वर्षं ती एकेक मुळी जिभेच्या शेंड्याला लावून निवडत होती. कारण अतिविषात बचनाग मिसळला, तर डोळ्यांना पत्ता लागत नाही. नुसतं कडू लागलं तर अतिविष, जीभ बधिर झाली तर बचनाग. आणि बचनागाचा सहाणेवरचा एक वेढा तान्ह्याचा जीव घ्यायला पुरतो.

"माझंच," ती म्हणाली. "माझी रक्तातली साखर पण दिसली का त्यात?"

"दिसली," मोघे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'बाळगुटीत बाई!' आठवड्यात नियम झाला, मालाला तोंड लावणं गुन्हा. अंजिराबाईला मास्क मिळाला आणि डब्यांवर 'अस्सल'चे हिरवे स्टिकर चिकटवायचं काम. यंत्र पोत्यातली एक मुळी दळायचं, अतिविष म्हणायचं, की सबंध पोतं पास.

"एकीवरनं सगळं पोतं?"

"शितावरून भाताची परीक्षा, मावशी. तुमचीच म्हण आहे."

"भात एका हंडीत शिजतो, दादा. पोतं दहा डोंगरांवरनं येतं."

मोघेनं हे हसत शेठना सांगितलं. शेठनी हसत मंत्र्यांना सांगितलं.

महिन्याभरानं अंजिराबाईची लेक सुगंधा माहेरी बाळंत झाली. सकाळी बाळाला न्हाऊ घालून अंजिराबाईनं सहाण मांडली. गुटीची डबी वखारीतली, स्टिकर तिच्याच हातचा. उगाळायच्या आधी सवयीनं अतिविष जिभेला लागलं. आधी मुंग्या आल्या. मग शेंडाच हरवला.

"आई, आण की गं. रडतोय तो."

"रडू दे!"

मुळी पदरात बांधून ती वखारीत धावली. "शेठ, बचनाग! डब्या परत मागवा!" जीभ वळेना, शब्द बोबडे निघाले.

"नऊशे डब्या गेल्या, बाई. माझ्याकडं यंत्राचा दाखला आहे. तुझ्याकडं?"

तिनं मुळी मोघेपुढे ठेवली. यंत्र घुरघुरलं. "मानव. स्त्री."

"तोंड लागलेला नमुना नियमानं बाद," मोघे म्हणाला. "दुसरी आणा."

"डबीत एकच असते."

"मग दुसऱ्या डबीतली आणा."

दुसऱ्या डब्या घराघरांत होत्या. अंजिराबाई रस्त्यावर आली. गल्लीत ओवा-शेपाच्या धुरीचा वास भरला होता. म्हणजे बाळांच्या अंघोळी झाल्या होत्या आणि सहाणा मांडल्या जात होत्या. ती पहिल्याच घरासमोर उभी राहून जिवाच्या आकांतानं ओरडली.

वरची खिडकी उघडली. कडेवर तान्हं घेतलेली एक पोरगी खाली वाकली. तिच्या हातात ओली वाटी होती.

"काय म्हणताय, मावशी? नीट बोला की. काही कळत नाही."