खुर्चीची धाप

मला लहानपणापासून दमा, आणि काम करतो सोफे-खुर्च्या दुरुस्तीच्या दुकानात. म्हणजे दिवसभर धूळ, कापूस, फोमचा भुगा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "श्वासनळ्या आतून सुजल्यात तुझ्या. रोजचा पंप बरं वाटलं तरी सोडायचा नाही. धाप लागली तर निळा. आणि काम बदल." पंप घेतो. काम कुठून बदलू?

छातीत शिट्टी वाजली की मालक ओरडायचे, "अरे, कुकर उतरवा कोणीतरी!" पण मागे एकदा गिऱ्हाईकासमोरच धाप लागली, तेव्हा हसले नाहीत. "पुन्हा असं झालं तर घरी बस बाबा. मला ताप नको."

मग ती आरामखुर्ची आली. हिरवी, गुबगुबीत, एका काकूंची. तक्रार एकच, बसलं की आवाज येतो.

मालक बसले. आतून बारीक शिट्टी निघाली, शेवटी तुटत जाणारी. सेम माझी.

"जुळा भाऊ आला रे तुझा!" मालक इतके हसले की त्यांनाच ठसका लागला.

गंमत म्हणजे तेव्हापासून माझी छाती एकदम मोकळी. कापूस पिंजला, जुनी कापडं झटकली, काही नाही. मी तर खुशीत रोजचा पंपच सोडला. खुर्ची मात्र बिघडत गेली. कोणी बसलेलं नसतानाही वाजायची. मी जिना चढून आलो की जास्तच.

शेवटी उघडली. आत स्प्रिंगा नव्हत्याच. नुसता कापूस, आणि तो कोमट.

"काकू खुर्ची न्यायला निघाल्यात," मालक म्हणाले. "आवाज बंद कर, नाहीतर खुर्चीबरोबर तूही घरी जा."

काय करणार? कोणी बघत नाही ना पाहिलं, निळा पंप हलवला, शिवणीच्या फटीत खुपसला आणि दाबला. वर तिलाच म्हणालो, "आत ओढ. आता धरून ठेव."

तिने ओढला.

शिट्टी बंद. काकू बसून बघतात तर काय, खुर्ची एकदम गप्प. टेम्पो आला. ती अवजड खुर्ची मी एकट्याने उचलून वर चढवली.

मालकांनी पाठ थोपटली. "शाब्बास! आज धापसुद्धा नाही लागली तुला."

खरंच नव्हती लागली.

मी छातीवर हात ठेवला. छाती हलत नव्हती.

टेम्पोत खुर्चीची पाठ सावकाश फुगली. सावकाश खाली बसली.

"मालक, थांबवा त्यांना," मी म्हणालो.

म्हणजे, ओठ हलवले. आवाज काढायला हवा लागते.

टेम्पो वळला.