चेलोचा भाग

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या आमच्या घरात रविवारी दुपारी जे चालायचं, त्याला संगीत म्हणणं अवघड होतं. मी पुण्यात लहानपणापासून व्हायोलिन शिकलेली. शेजारच्या मारायकेबाई व्हिओला बऱ्यापैकी वाजवतात. आणि माझा नवरा, धवल, चाळिशीनंतर हौसेने चेलोला बसलेला. फरशीवरून कपाट सरकवावं तसा त्याचा आवाज. वर विचारायचा, "जमलं ना?" व्हिडिओ बघून सगळं येतं, असं या आयटीवाल्यांना वाटतं.

त्या थंडीत मारायकेंनी एका बेल्जियन संगीतकाराची शेवटची रचना आणली. तीन तंतुवाद्यांसाठी, मरणाआधी, हात थरथरायला लागल्यावर लिहिलेली. मी लगेच हो म्हटलं, कारण चेलोला काम कमी होतं.

संथ भाग सुरू झाला आणि चेलोतून एक सूर निघाला. खोल, जरासा थरथरणारा. मोठमोठ्या सभागृहांतही मी असा ऐकला नव्हता. खोलीत तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास पसरला. आमच्याकडे कुणी ओढत नाही.

मारायके वाजवायच्या थांबल्या. मी थांबले नाही.

नंतर चहा ओतताना मी विचारलं, "कुठे शिकलास हे?"

"मी नाही वाजवत ते," धवल म्हणाला. "मी फक्त हात देतो."

"काहीतरीच."

"संपदा, हात परत यायला वेळ लागतो गं."

त्याच्या हातातला कप बशीवर खडखडत होता.

इथल्या फॅमिली डॉक्टरने नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल सांगितली. मारायके यायच्या बंद झाल्या. भित्री बाई. त्यांचा भाग गाळून आम्ही दोघंच वाजवू लागलो. दर वेळी चेलो अधिक सुंदर.

परवा धवल खुर्चीशी उभाच राहिला.

"आज नको ना. मागच्या वेळी ते खांद्याच्या वर चढलं होतं."

"बस."

चेलो मीच त्याच्या गुडघ्यांत ठेवला. इतकी वर्षं त्याचं ते कपाट सरकवणं ऐकलं होतं मी. आता कुठे काही ऐकण्यासारखं मिळत होतं.

वाजवता वाजवता त्याचे डोळे मिटले. चेहऱ्यावरचं ते सदाचं लाचार हसू पुसलं गेलं.

शेवटच्या पानावर चेलो थांबला. मी एकटीच वाजवत राहिले.

"धवल?"

त्याने वर पाहिलं. तुच्छतेने.

मग हात पुढे करून, गारठलेल्या बोटांनी माझं बोट तारेवर केसभर खाली सरकवलं.

सूर आता बरोबर लागला.