बंद पिंजऱ्यातली ढमी

"ताई, माझा अजगर हरवला!" लिफ्ट दुरुस्त करणारा दारातूनच ओरडला.

घारूताईंच्या नवऱ्याने आधी पाय खुर्चीवर घेतले. हरवलेलं शोधण्यात पटाईत ताईंनी पर्स उचलली.

वाटेत सगळं कळलं. परदेशी अजगर पाळायला आता परवाना लागत होता. घरात त्याला सांभाळणारी दोन जाणती माणसं हवीत. नसली तर अजगर सरकारजमा. आज दुपारीच तपासनीस येणार होते.

"दुसरं माणूस आणू कुठून? बायको सापाच्या नावानेच किंचाळते. निदान प्राणिसंग्रहालयात ढमी सुखाने जगली असती हो! आता बाहेर मरेल. कात टाकायला आलीय. आज सकाळीच डोळे दुधाळ झाले. कुणाला सांगायलाही वेळ झाला नाही."

काचेच्या पिंजऱ्याचं कुलूप शाबूत होतं. किल्ली आतल्या खोलीत खिळ्याला लटकत होती.

शेजारचे शिंपीकाका उसळले. "तक्रार मीच केली! पण अजगर उचलायला मला वेड लागलंय?"

लिफ्टवाल्याच्या सासूबाई खोलीत गुडघा चोळत बसल्या होत्या. "मी पिंजऱ्याकडे फिरकतसुद्धा नाही. आधीच बिचारीला धुरकट दिसतंय, कुठे धडपडत असेल!"

"गुडघा शेकत नाही?" ताईंनी विचारलं.

"विजेची पट्टी आहे की. रोज शेकते."

पट्टीची वायर पलंगाशेजारच्या लाकडी पेटीत गेली होती. झाकण किंचित उघडं होतं.

"शिंपीच!" नवरा कुजबुजला. "टेपने मोजून नेला असणार."

"अहो, गप्प बसा."

तपासनीस आले, तशा ताई बोलू लागल्या. "कुलूप किल्लीने उघडलं, म्हणजे घरचंच माणूस. डोळे दुधाळ झाले ते आज, आणि जावयाने कुणाला सांगितलं नाही. मग पिंजऱ्याकडे न फिरकणाऱ्या सासूबाईंना ते कसं कळलं? गुडघा दुखतोय, पण पट्टी पेटीत. तिथे ऊब कुणाला हवीय?"

जावयाने झाकण उघडलं. ब्लँकेटमध्ये ढमी वेटोळं करून पडली होती.

"अहो आई! वर्षभर हिच्यावरून मला बोलताय!"

"मग काय, जावयापुढे माघार घेऊ?" सासूबाईंनी ब्लँकेट नीट केलं. "तुम्ही दोघं कामावर गेलात की घरात आम्ही दोघीच. मी बोलते, ती ऐकते. हिला नेलं तर मी बोलू कुणाशी?"

तपासनीस चिडले. "आजी, आवळलं असतं म्हणजे? एकटीने उचलायचं नसतं. आणि हिचं खाणं झाल्यावर उचललंत तर?"

"छे! तेव्हा दोन दिवस हात नाही लावत. काचेबाहेरूनच बोलते."

तपासनिसांना हसू आवरेना. "रीतसर शिकाल?"

"आत्ता शिकायला बसते."

"मग दुसरं माणूस मिळालं. ढमी इथेच राहील."

"ऐकलंस का गं?" सासूबाई पेटीत वाकून म्हणाल्या.