डॉक्टरकाकांचं अमेरिकन कुलूप

"मी नाही नेली जी बॅग! लेकराची आन घेऊन सांगतो!" कवडूभाऊ अगदी काकुळतीला आले होते.

हवालदाराने त्यांचा दंड सोडला नाही. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्याचं ते रणरणतं ऊन, तरी रामदासपेठेतल्या डॉक्टर वामनकाकांच्या दवाखान्यासमोर हां हां म्हणता गर्दी जमली. काकांच्या बंद मोटारीतून हृदय तपासायच्या यंत्राची बॅग काल गायब झाली होती. काच शाबूत, दार शाबूत! कुलूप होतं अमेरिकेहून आलेलं, दुरून बटण दाबून उघडायचं. अशी बटणं दोनच. एक काकांकडे, दुसरं ड्रायव्हर कवडूभाऊंकडे. झालं, चोर ठरला!

सुट्टीत कळमेश्वरहून आलेल्या उत्तरा आणि मधुसूदन या काकांच्या पुतण्यांना हे मुळीच पटत नव्हतं. धाकट्या काकांनी अमेरिकेहून कुलपासोबतच पाठवलेली खेळण्यातली मोटार मधूच्या हातात होती. वैतागून त्याने तिच्या रिमोटचं बटण दाबलं.

खट!

काकांच्या मोटारीच्या दारांच्या खुंट्या झटकन वर आल्या.

"ताई!" मधू पुटपुटला. "काल दुपारभर आपण इथंच खेळून राहिलो होतो..."

म्हणजे कालही कुलूप याच बटणाने उघडलं असणार, हे उत्तराच्या लक्षात आलं.

"चूप राह ना!" शेजारचा ओमप्रकाश कुजबुजला. "सांगितलं तर तुमचीच धुलाई होईन!"

"आणि कवडूभाऊ तुरुंगात गेले तर?" उत्तराने रिमोट हिसकावला आणि ती पोलिसांच्या जीपसमोर आडवी उभी राहिली. "थांबा! कुलूप आम्ही उघडलं!"

"काहीतरीच! अमेरिकेचं कुलूप आहे ते!" काका कडाडले.

"मग आत बसा, काका, आणि आतून कुलूप लावून घ्या!"

काका तावातावाने आत बसले. उत्तरा फाटकापर्यंत मागे गेली आणि तिने बटण दाबलं. काहीच झालं नाही! हवालदार हसला. तिने ओठ आवळून पुन्हा दाबलं.

खट! तिने धावत येऊन दार उघडलं, तेव्हा काकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"पण मग बॅग कुठंय?" हवालदाराने विचारलं.

"दार उघडं आहे हे सगळ्यांत आधी मोटार पुसणाऱ्यालाच कळणार," उत्तरा म्हणाली. "म्हणजे दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या सिंधूताईंना! त्या काल संध्याकाळीच उमरेडला गेल्या. जाताना बॅग आत ठेवून खुंट्या दाबून दार लावलं असेल आणि सांगायचं राहून गेलं असेल!"

मधू धावला. दवाखान्याच्या कपाटात, धुतलेल्या चादरींखाली, बॅग जपून ठेवलेली होती!

"मार बसेल हे ठाऊक असून खरं बोललीस, पोरी. शाब्बास!" हवालदाराने तिची पाठ थोपटली.

काकांनी कवडूभाऊंचे दोन्ही हात धरले. "चुकलो मी, कवडू."

कवडूभाऊंनी डोळे पुसले. "मले एकदा तरी धड इचाराले पायजे होतं, साहेब. बारा वर्सं तुमची गाडी चालवून राहिलो, अन् तुम्ही त्या बटणावर इस्वास ठेवला."