मागच्या सीटखालची ठकठक

हे सांगताना मला अजूनही आधी रागच येतो. भीती नंतर येते.

त्या सकाळी आम्हाला आमच्या वाळवंटातल्या अझराकहून राजधानीला, अम्मानला जायचं होतं, बाकी काही नाही. आमची मिस्क तीन वर्षांची आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. महिन्यापूर्वी तिच्या कानामागं ऑपरेशन झालं होतं. त्यावर बाहेरून यंत्र लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही, आणि ते यंत्र अम्मानच्या हॉस्पिटलात त्या दिवशी अकरा वाजता सुरू करणार होते. वेळ चुकली तर पुढची तारीख थेट तीन महिन्यांनी. तीन वर्षांत मी माझ्या लेकीला पाठीमागून एकदाही हाक मारली नव्हती. मारून काय उपयोग? आज मारणार होते.

पण निदालला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वाटेत चहा लागतो. लागतो म्हणजे लागतोच. त्यानं टपरीसमोर गाडी बंद केली. वाऱ्यानं धूळ उठायला लागली होती, म्हणून टपरीवाल्यानं आमच्या हातात चहा दिला, शटर ओढलं आणि निघून गेला. चहा संपवून निदालनं किल्ली फिरवली. स्टार्टर जोरजोरात फिरला, कर्र... कर्र... कर्र... पण इंजिन काही पेटेना.

"बंद कशाला केलीस? दोन महिने हेच चाललंय ना!"

"मग काय चालू गाडीत चहा पिऊ? अंगावर सांडला असता."

"सांडला असता तर बरं झालं असतं."

दोन्ही बाजूंना काळे दगड पसरलेले. आभाळ पिवळं. रस्त्यावर एक ट्रकसुद्धा नाही.

गाडी अमेरिकेत ठोकलेली, जहाजानं आलेली, झर्का शहरात पत्रा सरळ करून रंगवलेली. आमच्याकडं निम्म्या गाड्या अशाच असतात. या मॉडेलचा पेट्रोलचा पंप बिघडतो, म्हणून कंपनीनं सगळ्या गाड्या परत बोलावल्या होत्या, पंप फुकट बदलून देत होते. निदालच्या वस्फीमामांचं झर्कात गॅरेज आहे, त्यांनीच हे सांगितलं होतं. सगळ्या म्हणजे आमची सोडून सगळ्या. मी एजन्सीला आठव्यांदा फोन लावला.

"ताई, ती गाडी आम्ही विकलेली नाही. अमेरिकेतली आहे, तिकडंच दाखवा."

"बरं. समुद्रातून ढकलत नेते," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग वस्फीमामांना लावला. ते म्हणाले, "पोरी, रडू नकोस. मागच्या सीटला कान लाव, पंप तिच्याच खाली असतो. निदालला किल्ली अर्धीच फिरवू दे. दोन सेकंद बारीक घूं ऐकू आलं तर पंप जिवंत आहे."

मिस्क उजवीकडं तिच्या छोट्या खुर्चीत बांधलेली होती. डावीकडची सीट रिकामी. मी वाकून त्या सीटला कान लावला. सीटला वास येत होता... आंबलेल्या दुधाचा. मिस्कनं बाटली सोडून वर्ष झालं होतं, आणि ती डावीकडं कधी बसतच नाही.

निदालनं किल्ली फिरवली. घूं नाही. काहीच नाही. मग खूप खोलवरून... श्वास. एक आत. एक बाहेर.

"आला का आवाज?"

"पंपाचा... नाही."

मामा फोनवर ओरडले, "टाकीला खालून ठोक म्हणावं! अडकला असेल तर सुटेल. बूट चालेल."

निदाल शिव्या घालत गाडीखाली सरपटला. ठक. ठक. ठक. तिन्ही ठोके माझ्या गालाला जाणवले. मग तो बाहेर आला आणि काचेसमोर उभा राहून बुटातली माती झटकू लागला. मला तो समोर दिसत होता.

आणि माझ्या कानाखाली, आतून... ठक... ठक... ठक.

मी मान वर केली. मिस्कनं हात लांब करून पंजा त्या रिकाम्या सीटवर टेकला होता आणि ती हसत होती.

"निदाल... किल्ली फिरव. लवकर."

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "बघितलंस? बूट दाखवला की सरळ होते!" तो खूश. मी पट्टा लावला. सव्वानऊ झाले होते आणि मला पोचायचं होतं. आई माणूस कशावर डोळेझाक करेल, सांगता येत नाही.

आम्ही पोचलो. यंत्र सुरू केलं. तिथल्या बाईंनी डफ वाजवला, घंटा वाजवली. मग मला म्हणाल्या, "मारा हाक." मी मागं उभी राहून म्हटलं, "मिस्क." पुन्हा नीट म्हटलं. दहादा म्हटलं. ती ठोकळ्यांशी खेळत राहिली.

"वेळ लागतो," बाई म्हणाल्या. "घरी मारत राहा."

परतताना मामांच्या गॅरेजला थांबलो. त्यांनी मागची सीट उचलली, टॉर्च धरून वाकले आणि कितीतरी वेळ तसेच राहिले.

"हा पंप नवाकोरा आहे. अमेरिकेतच बदललाय, वर कंपनीची चिठ्ठी चिकटवलीय. एजन्सीला उगाच शिव्या घातल्यास, पोरी."

"मग बंद का पडते, मामा?"

"पंपात दोष नाही एवढंच मला कळतं." त्यांनी सीट बसवली आणि हात पुसत राहिले, पुसून झाले तरी.

दुपारी तीनला अझराकच्या रस्त्याला लागलो. लख्ख ऊन. मी पुढं बसून आरशात मिस्ककडं पाहत होते आणि हाका मारत होते. मिस्क. मिस्क. ती खिडकीबाहेर बघत होती. निदाल म्हणाला, "पुरे आता. दमशील."

मी गप्प झाले. आणि मागून हलकेच... ठक... ठक... ठक.

मिस्कनं झटकन मान वळवली. जन्मात पहिल्यांदा माझी लेक आवाजाकडं वळली होती. माझ्याकडं नाही. डावीकडं, रिकाम्या सीटकडं. मान कलती करून ती ऐकत राहिली, आणि मग कुणीतरी काही विचारल्यासारखं तिनं होकारार्थी डोकं हलवलं.

निदालच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघ! लागलं यंत्र!"

गॅरेजमध्ये ती कानावरचं यंत्र सारखं ओढत होती, म्हणून मी ते तिथंच काढलं होतं. तेव्हापासून ते डबीत बंद होतं, आणि डबी माझ्या मांडीवर होती.