काचेवरचा इनकन्क्लुझिव्ह ठसा

वडगाव रासाईच्या विठोबाचा चांदीचा मुकुट एकादशीच्या कीर्तनात चोरीला गेला आणि पंधरवड्यानं गावानं स्वयंपाकीण गिताबाईला चोर ठरवलं.

दौंडची खासगी गुप्तहेर नीलम आपल्या मामांना, हौसरावांना, घेऊन देवळात आली. देवस्थानचे अध्यक्ष भिमाजीआप्पा कागद नाचवत होते.

“मुकुटाच्या कपाटाच्या काचेवर कणकेनं माखलेला ठसा. तपासणीत आलंय, ‘इनकन्क्लुझिव्ह’. म्हंजी गिताबाई सुटली न्हाई!”

“अडकलीही नाही,” नीलम म्हणाली. “ठसा फिसकटलाय. तिचा आहे की दुसऱ्याचा, काहीच ठरत नाही. एवढंच तो शब्द सांगतो.”

“पर कणकेचा हात सैपाकिणीचाच की गं,” हौसराव पुटपुटले.

गिताबाईचे डोळे भरले. “वीस वर्सं देवाची चूल सांभाळली. आप्पा म्हनत्यात, उद्यापासनं येऊ नगं.”

“त्या दिवशी काय रांधलंत?”

“भगर आन् शेंगदाण्याची आमटी.”

आप्पांचा मुलगा विश्वजीत म्हणाला, “कीर्तनाआधी काच मीच पुसली. किल्ली खुंटीलाच असती. आरतीला बघतो तर कपाट रिकामं!”

शेवटी त्या कीर्तनात साथ केलेला मृदंगवादक जालिंदर. चौकशीसाठी राहू गावाहून बोलावलेला.

“मी आधी मृदंगाचं डावं तोंड तयार केलं, मग वाजवत व्हतो. निरूपणात जरा पाय मोकळे केले. बुवा बोलत असताना वाजवायचं काय?”

नीलम हसली. “आप्पा, एकादशीला देवळाच्या चुलीवर गव्हाचं पीठ चालतं?”

“छ्या! उपासाला गहू?”

“मग कणीक कुठली?”

“घरनं कुणाच्या हाताला…” हौसराव अडखळले.

“घरोघर उपास, मामा. त्या दिवशी कणीक एकाच ठिकाणी होती. घुमारा यावा म्हणून मृदंगाच्या डाव्या तोंडाला ती ओली लावतात. वाजवणाऱ्याच्या पंजाला चिकटतेच. काच कीर्तनाआधी पुसलेली. मग मधेच मृदंग सोडून कोण उठलं?”

जालिंदर हात जोडून पुढं आला.

“हितल्या देवाला दोन मुकुट, ताई. आमच्या राहूचा इठोबा बिनमुकुटाचा. वाटलं, त्याच्या डोक्यावर ठिवावा. पर नेल्यावर छातीच झाली न्हाई. घरी कापडात बांधून हाय.”

आप्पा वाकू लागले, तशी गिताबाई मागं सरली.

“पाया पडू नगा, आप्पा. चारचौघांत चोर म्हनला, चारचौघांतच खरं सांगा.”

आप्पांनी माईक हातात घेतला. “मंडळी, गिताबाई निर्दोष हाय. चूक माझी. देवाची चूल तिचीच.”

गिताबाईनं पदर खोचला. “बसा समदी, च्या टाकते. जालिंदरदादा, तुमीबी घ्या. मग जावा मुकुट आणाय.”