पंचावन्न सालचा विजेता

राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या विजेत्यांचा संपूर्ण इतिहास १९५७ च्या माघात, एका रविवारी सकाळी, मोहतळ्याच्या तळ्यात पडला.

मनकर्णा तळ्याच्या पाळीवर बसून तो इतिहास वाचत होती. मैदानावरून उडालेला चेंडू नेमका तिच्या मांडीवरच्या कागदांवर आदळला आणि सात वर्षांचे विजेते क्षणात पाण्यावर पसरले.

"हालू नका जी, बाई!"

एक उंच, सावळा तरुण धावत आला. काठावरचे फेकजाळे त्याने खांद्यावर घेतले, कमरेत एक गिरकी घेतली — आणि जाळे गोल उमलून पाण्यावर उतरले. ते ओढले तेव्हा त्यात सातही कागद होते. शिवाय बोटाएवढ्या दोन मासोळ्या.

"घ्या. इतिहास तुमचा, मासोळ्या माह्या."

"आणि चेंडू कुणी मारला?"

"तो... तोही माहाच," तो म्हणाला, आणि इतक्या मोकळेपणी हसला की रागवायला घेतलेला श्वास तिला तसाच सोडून द्यावा लागला.

हा गोविंदा — मोहतळ्याच्या कोळ्यांच्या संघाचा गोलरक्षक. आणि मनकर्णा सिंदेवाहीच्या शाळेतली शिक्षिका, नागपूरहून इतिहास घेऊन पदवीधर झालेली. लीगचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी स्मरणिकेसाठी विजेत्यांचा इतिहास लिहिण्याचे काम तिला दिले होते. गुणवंतरावांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. त्यामुळे अध्यक्षपदासाठी त्यांच्याइतका निःपक्षपाती माणूस जिल्ह्यात दुसरा नव्हता. लीग 'राष्ट्रीय' कशी, याचेही उत्तर त्यांच्याकडे तयार असे. पहिल्या वर्षी प्राणहिता नदीपलीकडून, म्हणजे हैदराबाद राज्यातून, एक संघ नावेने आला होता. दोन राज्ये खेळली, म्हणजे राष्ट्र झाले. तो संघ पुन्हा कधी आला नाही. मागल्या वर्षी जिल्हाच जागेवरून न हलता मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा गुणवंतरावांच्या मते लीगचे राष्ट्रीयत्व कायमचे सिद्ध झाले.

"इतिहासात वाद नकोत, बाई," काम देताना ते म्हणाले होते. "फक्त विजेते लिहा." वाद नकोत म्हणूनच की काय, त्यांनी स्मरणिकेच्या पहिल्या पानावर स्वतःचे छायाचित्रही योजले होते.

गोविंदाने ओले कागद वाळवायला गोलाच्या जाळीवर लावले. जाळी त्यानेच विणलेली होती. पाण्याने कुजू नये म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात रापवलेली, गडद तांबूस. मनकर्णा कागद लावू लागली आणि तिचा हात थांबला. जाळीच्या मधोमध, गुडघ्याएवढ्या उंचीवर, नवा दोरा होता — पांढराशुभ्र. आणि त्याच्याभोवती जुन्या दोऱ्याची फाटकी टोके तळ्याच्या दिशेने वळलेली.

काहींना शिलालेख वाचता येतात. मनकर्णा जाळी विणणाऱ्या मनसारामची मुलगी होती.

"हे केव्हा फाटलं?"

"जुनं होय," तो म्हणाला, आणि मासोळ्यांकडे पाहू लागला.

त्या आठवड्यात ती रोज शाळा सुटल्यावर सायकलवर मोहतळ्याला आली. इतिहासाला साक्षी लागतात, असे ती स्वतःला सांगत असे. साक्षीदार मात्र एकच होता.

"एकावन्न सालचा विजेता कसा ठरला, गोविंदाभाऊ?"

"सांगतो. पन भाऊ म्हनू नका जी."

"का बरं?"

"उगाच... कानाले टोचते."

ती वहीत मान घालून हसली. एकावन्नचा अंतिम सामना चैत्रात ठेवला होता. एक संघ अर्ध्यात मैदान सोडून मोहफुले वेचायला गेला, कारण फुले वाट पाहत नाहीत आणि विजेत्याची ढाल पाहते. तेव्हापासून सामने माघात आले. त्रेपन्नचा विजेता संघ अकरांचा की तेरांचा हे कोणी मोजलेच नव्हते. गोविंदा सांगे, हातवारे करी, मध्येच तिच्याकडे पाहून वाक्य विसरे... आणि पंचावन्न आले की गप्प होई.

पंचावन्नचा विजेता यादीत मोहतळा होता. अंतिम सामना आलापल्लीच्या लाकूडतोड्यांशी. शेवटच्या मिनिटाला त्यांच्या कप्तानाने, इतवारीने, मारलेला चेंडू पंचांना थेट तळ्यात दिसला; त्यांनी तो बाहेर गेला असे ठरवले. बरोबरी सुटेना, म्हणून नाणे उडवले, आणि त्या सालची ढाल कायमची मोहतळ्याला मिळाली. गुणवंतरावांनी दिलेल्या स्मरणिकेच्या मसुद्यात आलापल्लीकरांविषयी एवढेच होते — 'पराभूत संघ अनवाणी होता.' मनकर्णेने ती ओळ एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि लेखणी इतकी दाबून खोडली की खालची तीन पानेही खोडली गेली.

शनिवारी लीगचा पहिला सामना होता आणि त्याच दिवशी यादी द्यायची होती. जाळीवरून तिला खरे काय ते कळले होते. लिहायला काही अडत नव्हते. पण हा माणूस आपल्या तोंडाने सांगतो की नाही, यावर तिचे सगळे अडले होते. सांगितले नाही तर यादी पुरी होणार होती, आणि मोहतळ्याची वाट तिच्यापुरती संपणार होती.

शुक्रवारी तो डोंग्यात बसून वल्हे पुसत होता. वल्हे कोरडेच होते.

"बाई... पंचावन लिवलं का?"

"जागा सोडली आहे."

त्याने वल्हे आडवे ठेवले. मग एका दमात म्हणाला, "बॉल आत गेल्ता. माह्या हाताखालून. जाळी फाडून तळ्यात गेला. दोरा पान्यानं कुजला होता, मीच नवा लावतो म्हनून टाळलो होतो. सांगाले तोंड उघडलं, तं गावानं मले खांद्यावर उचललं... मंग खाली उतरता आलंच नाई."

"मला ठाऊक होतं."

"कसं?"

"माझे बाबा जाळी विणतात. तुम्ही रात्रीतून शिवली, रापवलीसुद्धा नाही."

"दोन वर्सं ऐनाची साल उकळाले घेतो अन् चूल इझवतो," तो हळू म्हणाला. "रंग देल्ला तं मी इसरून जाईन, असं वाटे." मग तिच्याकडे पाहून, "ठाऊक होतं, तं लिवलं काऊन नाई?"

इतके दिवस जपलेले शुद्ध मराठी मनकर्णेच्या हातून तिथेच निसटले. "लिवणं माहं काम होय. सांगणं तुमचं होतं. वाट पाहून राह्यली होती मी!"

गोविंदा थक्क होऊन पाहत राहिला. त्याला सत्यापेक्षा ती बोली जास्त लागली असावी.

शनिवारी आलापल्लीचा संघ लाकडांच्या ट्रकमधून आला. नाणे उडवायच्या आधीच गोविंदा मैदानाच्या मध्यात गेला आणि साऱ्या गावादेखत म्हणाला, "इतवारीभाऊ, पंचावनचा तुमचा गोल खरा होता. ढाल तुमची होय."

मग इतवारी हसू लागला.

"दोन वर्सं लागले तुले? आमी तं तवाच आलापल्लीत जाऊन नाचलो. डुक्कर कापलं, ढोल फुटेस्तोवर वाजवला. जितलो होतो ना!"

आधी आलापल्लीकर हसले, मग मोहतळ्याचे. गोविंदाची आई रुखमाबाई घराकडे गेली आणि ढाल डोक्यावर घेऊन परतली. ढालीच्या मागल्या बाजूला कोंड्याचा थर होता.

"ने बापा. तांदळाच्या मडक्यावर मस्त बसत होती. आता झाकनी पाहा लागन."

गुणवंतराव उठले. "बाई, हे स्मरणिकेत जाणार नाही!"

"मग माझा इतिहासही जाणार नाही," मनकर्णा शांतपणे म्हणाली. "पहिल्या पानावरच्या छायाचित्राखाली काय छापायचं ते आपण ठरवावं." तिने मोकळी जागा भरली, कागद त्यांच्यापुढे ठेवला. कोऱ्या स्मरणिकेत आपले छायाचित्र फार एकटे दिसेल, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. पण आले.

सामना सुरू झाला. मनकर्णा नोंदी घ्यायला गोलाच्या खांबाशी उभी राहिली. चेंडू पलीकडे होता.

"बाई," गोविंदा मैदानावरची नजर न काढता म्हणाला, "आता ढाल गेली. गाव आठ दिस चिडवन. असा मानूस... तुमाले चालन का?"

"कशाला?"

"सारंच मीच सांगू का जी? काल येवढं सांगतलो!"

तिने वहीचे पान उलटले. त्यावर काही नव्हते. चेंडू मध्यापर्यंत आला होता.

"बाबा मंगळवारी घरी असतात," ती म्हणाली. "आईला घेऊन या. आणि गोविंदा —"

भाऊ नव्हता. त्याने गर्रकन मान वळवली.

"— हो."

त्याच क्षणी इतवारीने मारलेला चेंडू त्याच्या कानाजवळून जाळीत शिरला आणि तिथेच थांबला. आलापल्लीकरांनी मैदान डोक्यावर घेतले. मोहतळ्याचा गोलरक्षक पाठ फिरवून, दोन्ही हात लोंबते सोडून, खुळ्यासारखा हसत उभा होता.

मनकर्णेने गोल लिहिला: तेरावे मिनिट, इतवारी, आलापल्ली. कारणाच्या रकान्यापाशी लेखणी थोडी रेंगाळली. तो रकाना मात्र तिने कोराच ठेवला.